विश्वास ठेवणारा लेखापरीक्षक

“मतपत्रिका नेहमी खालून वर वाचत जा गं,” असं आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या हेडविगबाई सांगायच्या. “वरची नावं तुला माहीतच असतात. खालच्यांना काम करावं लागतं.”

लोकशाहीत जे पद जनता निवडते ते जनतेचं होतं, हे एक गंभीर सत्य आहे. आमच्या राज्यात ते इतकं गंभीरपणे पाळतात की राज्यपालापासून ते प्रेत बघून माणूस मेला की नाही हे सांगणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे निवडूनच यावे लागतात. या यादीत अगदी तळाशी, माती-पाणी मंडळाच्या किंचित वर, राज्य लेखापरीक्षक असतो. सरकार जे झालं म्हणून सांगतं ते खरंच झालं का, हे जाऊन बघणं हे त्याचं काम.

या कामाबद्दल जनतेत पुरेशी जागरूकता आहे. शंभर जणांना विचारलं, तेव्हा एकेचाळीस जण म्हणाले की तो दुधाचे काटे तपासतो. बावीस म्हणाले, ते पद बंद झालं. नऊ जणांना वाटलं, तो आपला मेहुणाच आहे (त्यांपैकी एकाचा खरोखर होता). उरलेले अठ्ठावीस म्हणाले, “माणूस चांगला आहे.”

माणूस चांगला होताच. आर्लन क्विस्टगार्ड बारा वर्षं या पदावर होते. दरवर्षी ते दोनशे पानी अहवाल लिहीत आणि प्रत्येक गावच्या वाचनालयाला एक प्रत पाठवत. आमच्या वाचनालयात त्या प्रती वर सरकवलेली खिडकी उघडी राहावी म्हणून खाली लावतात. बारा वर्षांत ती खिडकी एकदाही पडली नाही, यावरून त्यांच्या कामाचा भक्कमपणा दिसतो.

या वर्षी त्यांच्याविरुद्ध स्किप रोगनेस उभा राहिला, आणि निवडणुकीत जीव आला. स्किप म्हणजे सकाळच्या टीव्हीवरचा हवामानवाला. बावीस वर्षं तो आमच्या न्याहारीच्या टेबलावर आहे. त्याच्या पात्रतेबद्दल वाद घालायला जागाच नव्हती. बावीस वर्षं रोज सकाळी त्यानं साऱ्या राज्यासमोर आकडे सांगितले, आणि ते बरोबर निघाले का हे एकदाही कोणी तपासलं नाही. आकड्यांच्या क्षेत्रात एवढा लोकविश्वास दुसऱ्या कोणी कमावलेला नाही.

(कोणाची निंदा करायची नाही असा माझा रोजचा नेम आहे. म्हणून पुढे फक्त घडलं तेवढंच सांगते.)

स्किपची घोषणा होती, ‘मी तुमच्यावर विश्वास ठेवीन.’ ही घोषणा परक्याला कळायची नाही. आमच्याकडे शेजाऱ्यानं मागून नेलेलं खोरं परत मागणं हा जवळजवळ गुन्हा समजतात. माणूस ‘झालं’ म्हणाला की झालं. बघायला जाणं म्हणजे त्याच्या आईवडलांवर शंका घेणं. अशा राज्यात बघायला जाणारा अधिकारी पगार देऊन ठेवलाय, हे स्किपनं सांगेपर्यंत आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याच्या जाहिरातीत आर्लन ऑफिसात एकटेच डबा खात बसलेले दाखवले होते, काळ्यापांढऱ्यात. मागून जड आवाज यायचा, “या माणसानं बारा वर्षांत आपल्या गावांना नऊ हजार प्रश्न विचारले. त्याचा आपल्यावर विश्वास नाही का?” मग रंग यायचे, सूर्यफुलांचं शेत यायचं, आणि स्किप म्हणायचा, “मला एकही प्रश्न नाही.” आमच्या घरी हे ऐकून यजमानांच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदे मी चिरत होते.

आर्लन यांचा प्रचार त्यांची पुतणी जोलीन सांभाळत होती. मिरवणुकीत स्किप गाडीवरून गोड गोळ्या उधळायचा आणि बायकांना बरणीचं घट्ट झाकण उघडायचं गोल रबर वाटायचा. आर्लन अहवालाच्या प्रती वाटत चालायचे.

“काका, हसा जरा,” जोलीन कुजबुजायची.

“हसतोय की.”

“काका, हे हसणं नाही. दात दुखत असल्यासारखं दिसतंय.”

शाळेच्या व्यायामशाळेत दोघांची जाहीर चर्चा झाली. जनतेनं एकवीस प्रश्न विचारले. अंड्यांच्या भावाबद्दल चार, सीमेवरच्या बंदोबस्ताबद्दल सहा, विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला काढून टाकण्याबद्दल दहा, आणि स्वच्छतागृह कुठे आहे असा एक. आर्लन यांनी वीस वेळा सांगितलं, “ते माझ्या अखत्यारीत येत नाही.” स्वच्छतागृहाचा रस्ता मात्र त्यांनी अचूक दाखवला. स्किपनं अंडी स्वस्त केली, सीमा बंद केली, प्रशिक्षकाला घरी पाठवलं आणि वर शनिवारी ऊन पडेल असंही सांगितलं. लोक बाकांवर उभे राहिले. मीही राहिले, गुडघ्यांना नंतर मलम चोळावं लागलं.

खरा घात झाला तो आमच्या चर्चच्या तळघरातल्या लुटफिस्कच्या जेवणात. लुटफिस्क म्हणजे वाळवलेला मासा कित्येक दिवस क्षाराच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत करतात तो. तो सगळ्यांना आवडतो. आवडत नाही असं दीडशे वर्षांत कोणी म्हटलेलं नाही. स्किपनं दोनदा वाढून घेतला, “वा, आजीची आठवण आली!” म्हणाला आणि त्याचं ताट नंतर खिडकीत झाकून ठेवलेलं सापडलं. आर्लन यांनी ताटातला शेवटचा घास संपवला, आणि मग वाढणाऱ्या माझ्याकडे बघून विचारलं, “हा किती दिवस भिजवला होता?”

माझ्या हातातला लोण्याचा डाव थांबला. शेजारची इंगा म्हणाली, “अगं बाई.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण हेच तर भयंकर होतं. त्या एका वाक्यात चाळीस मतं गेली, असा जोलीनचा अंदाज. मी म्हणेन साठ.

त्याच जेवणात व्हर्ना ओपडाल त्यांना भेटली. व्हर्ना उत्तरेकडच्या वस्त्यांवरची शाळेची बस चालवते.

“साहेब, आमच्या ओढ्यावरचा पूल दरवर्षी तपासला, असं कागदावर लिहितात म्हणे. अकरा वर्षं झाली. मी रोज चार खेपा करते. तपासणाऱ्याचा बूटही मला दिसलेला नाही.”

“पूल कसा आहे?” आर्लन यांनी विचारलं.

“हलतो. मी पोरांना अलीकडेच उतरवते, रांगेनं चालत पलीकडे धाडते, आणि मग रिकामी बस नेते.”

“रिकामी कशी? तुम्ही असता ना आत.”

व्हर्नानं खांदे उडवले. “कुणीतरी चालवायला हवी ना.”

जोलीननं मध्येच मतदारयादीचा कागद बघितला. “काका, त्या भागात अकरा मतं आहेत.”

“मुलं किती?”

“चौदा,” व्हर्ना म्हणाली.

“मुलांना मत नसतं,” जोलीन म्हणाली. (हे कायद्यानं बरोबर आहे.) “आणि तुमच्यापुढे निवडणुकीपर्यंत गावोगावच्या धिरड्यांच्या सतरा न्याहाऱ्या आणि एक भोपळा तोलायचा कार्यक्रम आहे.”

आर्लन यांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. “निवडणुकीनंतरच्या बुधवारी येतो. निकाल काहीही लागो, जानेवारीपर्यंत सही माझीच चालते. पुलाखाली उतरून स्वतः बघतो. तपासणी झालेलीच नाही असं मी लिहून दिलं, तर त्यांना पूल बंद करून नीट करावाच लागेल.”

“नवा माणूस आला तर लिहील का असं?”

“ते माझ्या अखत्यारीत येत नाही,” आर्लन म्हणाले.

ही गोष्ट स्किपच्या कानावर गेली. तो दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेऊन पुलाजवळ गेला, अलीकडच्या काठावर उभा राहिला, छातीवर हात ठेवून म्हणाला, “माझा या पुलावर विश्वास आहे!” आणि तिथूनच परत फिरला. ते दृश्य राज्यभर गाजलं. पुलाला इतका मान आजवर कोणी दिला नव्हता.

मतदानाच्या दिवशी मी नेहमीसारखं पहाटे उठून स्तोत्र वाचलं, देवाकडे योग्य माणूस निवडण्याची बुद्धी मागितली, आणि स्किपच्या नावापुढचा गोल काळजीपूर्वक भरला. बरणीचं ते रबर खरोखरच चांगलं आहे.

स्किपला नऊ लाख बारा हजार मतं पडली, आर्लन यांना तीन लाख एक्केचाळीस हजार. ओढ्यापलीकडच्या अकरा मतांपैकी सात स्किपला. त्या सातांपैकी पाच जणांची मुलं व्हर्नाच्या बसनं जातात. रात्रभर आतषबाजी झाली. टीव्हीवर स्किपनं पहिली घोषणा केली की लेखापरीक्षकाचं कार्यालय यापुढे फक्त अभिनंदनाची पत्रं पाठवेल. आम्ही सगळ्या इतक्या हसलो, इतक्या नाचलो, की इंगाची कवळी निसटली.

बुधवारी सकाळी चर्चच्या तळघरात आम्ही सहाजणी उरलेला केक आणि कॉफी घेऊन बसलो होतो. जिन्यावरून आर्लन खाली आले. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात विजेरी.

“नमस्कार. चर्चची लांब शिडी मिळेल का? साडेतीनला बस पुलाशी येते, त्याआधी बघून घ्यायचं आहे.”

“न्या ना, न्या!” आम्ही एकसुरात म्हणालो.

त्यांनी वहीतलं पान फाडून शिडी मिळाल्याची पावती लिहिली, खाली सही केली आणि टेबलावर ठेवली. “पावती कशाला, आर्लन?” इंगा जरा दुखावूनच म्हणाली. ते नेहमीसारखं दात दुखल्यागत हसले.

ते गेल्यावर आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली. बिचाऱ्यांना पराभवाचा फार धक्का बसला असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. तळघराच्या उंचावरच्या खिडकीतून ते शिडी गाडीच्या टपाला बांधताना दिसत होते. एकटेच. एक टोक बांधलं की दुसरं घसरायचं. शेवटी दोन्ही टोकं बसली, मागे बाहेर आलेल्या टोकाला त्यांनी इशाऱ्याचं लाल फडकं लावलं आणि गाडी सावकाश उत्तरेच्या रस्त्याला लागली.

ओढ्यात शिडी लावायची तर ती खालून धरायला एक माणूस लागतो, हे आम्हा सहाहीजणींना माहीत होतं. कॉफी अजून गरम होती. तुम्ही त्या खिडकीत असता तर कप ठेवून नक्की त्यांच्यामागे धावला असता, असा माझा पूर्ण विश्वास आहे. खात्री करून घेणं आमच्याकडे असभ्य समजतात.