बिनहाराचा गिलहूली

शुभदा हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून रविवारी सकाळी घरी आली, तेव्हा पॅसेजमधल्या बिशपसाहेबांच्या फोटोला हार घातलेला होता. कपाळावर गंधही होतं. शेजारच्या फोटोतल्या विमान उडवणाऱ्या बाईंनाही हार होता. त्यांच्या पलीकडे एक मिशाळ गृहस्थ होते. मेंढ्या चोरल्या म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं आणि तिथे जाऊन ते महापौर झाले होते. त्यांचा हार तर फ्रेमच्याही खाली लोंबत होता. पॅसेजभर उदबत्तीचा धूर होता आणि वर छताला स्मोक अलार्मवर कुणीतरी तिची शॉवर कॅप चढवली होती.

"गिरीश!"

तिचा नवरा गिरीश टूथब्रशसकट बाहेर आला, त्याने भिंतीकडे बघितलं आणि तोंडातला फेस तोंडातच ठेवून उभा राहिला.

ही भिंत म्हणजे घरमालकीण नोरा गिलहूली यांचा जीव की प्राण होती. नोराबाईंनी आयुष्यभर एकच छंद केला होता. गिलहूली आडनावाची जगातली नामवंत माणसं हुडकायची, त्यांचे फोटो मिळवायचे, खाली पितळी पट्टीवर नाव आणि जन्ममृत्यूची सालं कोरून घ्यायची आणि आयर्लंडमधल्या लिमरिकच्या या घरात ओळीने टांगायची. त्यातल्या बहुतेकांचं नोराबाईंशीच काय, एकमेकांशीही काही नातं नव्हतं. आडनाव एक, एवढं त्यांना पुरे होतं. घर भाड्याने देताना त्या भाड्याबद्दल दोन वाक्यं बोलल्या होत्या आणि भिंतीबद्दल तासभर. भिंतीला हात लावायचा नाही. फोटो पुसायचे तेसुद्धा त्यांनीच.

आणि आज त्या यायच्या होत्या. लीज महिनाअखेरीला संपत होतं. घर नोराबाई आणि त्यांचा थोरला भाऊ कॉन या दोघांच्या नावावर होतं आणि कॉनच्या मनात ते विकायचं होतं. भाडेकरू कसे आहेत ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि मग ठरवतो, असं म्हणून तो आज बहिणीबरोबर येणार होता. लिमरिकमध्ये घर जाणं म्हणजे काय, हे शुभदाला नीट ठाऊक होतं. तिच्याच विभागातला डॉक्टर शार्दूल बायकोमुलांसह उन्हाळाभर हॉटेलच्या एका खोलीत राहत होता आणि इस्त्रीच्या टेबलावर जेवत होता.

"अण्णा!" गिरीशने तोंडातला फेस एकदाचा गिळून हाक मारली.

गिरीशचे वडील दिलीपराव खराडे, म्हणजे अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते कराडहून मुलाकडे राहायला आले होते आणि येत्या गुरुवारी परत जायचे होते. इथल्या थंडीला ते इतके कंटाळले होते, की त्यांची बॅग आत्ताच कुलूप लावून पॅसेजमध्ये उभी होती. अण्णा स्वयंपाकघरातून बाहेर आले. कमरेला सोवळं, वर गिरीशचं फ्लीसचं जॅकेट.

"वरडतुयास कशापायी? आज सर्वपित्री हाय. ज्यांची तिथी ठावं न्हाई त्यांचं आज करत्यात. आपल्या लोकांचं केलं. मग म्हटलं, ही मंडळी भित्तीवर उपाशी बसल्यात. ह्यांच्याच घरात ऱ्हातोय आपण."

"अण्णा, ते ख्रिश्चन आहेत!"

"म्हणून भूक लागत न्हाई व्हय? मागल्या कुंपणाच्या भित्तीवर पान ठेवलं, कावळा लगीच शिवला. हितला कावळा कोंबड्यावाणी हाय. वडा तर न्हेलाच, पानबी न्हेलं."

"पण एवढी फुलं कुठून आणलीत?" शुभदाने विचारलं.

अण्णांनी हनुवटीने पुढच्या अंगणाकडे खूण केली. शुभदाने पडदा सरकवला. नोराबाईंचा डेलियाचा वाफा, ज्याला पाणी घालायला त्या स्वतः गाडी चालवत यायच्या, तो वाफा आता नुसत्या देठांचा राहिला होता. शुभदा मटकन जिन्याच्या पायरीवर बसली.

"आधी सगळे हार काढा," गिरीश म्हणाला.

"सांज हुईस्तोवर काढायचं न्हाईत. पितरांच्या गळ्यातनं हार वढतुयास?" अण्णा भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

गिरीशची नजर घाबरी होऊन शेवटच्या फोटोकडे गेली. तो कॉनचा फोटो होता. तरुण कॉन, हातात हर्लिंग या आयरिश खेळाची काठी, मागे मैदान. त्या एकाच फोटोला हार नव्हता.

"ह्याला बरा सोडलात."

"पट्टीवर जल्माचं साल हाय, म्होरं कायबी न्हाई. म्हंजी जिता हाय. जित्या माणसाच्या फोटूला हार घालाया मी काय येडा हाय?"

निदान तेवढं तरी वाचलं, असं गिरीशला वाटलं. तेवढ्यात बेल वाजली. आयर्लंडमध्ये अकराला येतो म्हणणारा माणूस साडेअकराला येतो, पण नोराबाई साडेदहालाच आल्या होत्या.

त्यांच्याबरोबर कॉन होता, उंच, ऐंशी पार केलेला, काठी टेकत. मागे बॉस्टनहून आलेले दोन चुलतभाऊ होते. हॉटेलात गिलहूलींचं संमेलन भरलं होतं, तिथून ते खास भिंत बघायला आले होते. दारातल्या दोन पायऱ्या चढताना कॉन तीनदा थांबला. शुभदाचं लक्ष त्याच्या घोट्यांकडे गेलं. बुटांच्या वर चांगले सुजलेले होते. त्याच्या कोटाच्या खिशातून घरं विकणाऱ्या एजंटचं नाव छापलेलं पाकीट डोकावत होतं. गिरीशचं लक्ष त्याकडे गेलं.

"जीझस, मेरी अँड जोसेफ," नोराबाई म्हणाल्या. मग अगदी बारीक आवाजात, "माझे डेलिया."

घरातून बाहेर पडलेलं सामान, इस्त्रीचं टेबल, सगळं गिरीशला समोर दिसायला लागलं.

"आमच्याकडे," तो म्हणाला, "थोर माणसांचा असा मान करतात. आज त्याचाच दिवस असतो. वडील म्हणाले, या घरात एवढी थोर माणसं आहेत, तर त्यांना या घरचीच फुलं हवीत."

यात खोटं फारसं नव्हतं. फक्त त्या मानासाठी थोर असून भागत नाही, आधी मरावंही लागतं, एवढंच त्याने सांगितलं नाही.

नोराबाई बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून रुमाल काढला. "इतकी वर्षं लोक या भिंतीवरून कोट घासत गेले," त्या म्हणाल्या, "थांबून बघितलं नाही कुणी." त्यांनी अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. बॉस्टनवाले फटाफट फोटो काढायला लागले. एकाने बिशपबरोबर सेल्फी घेतला. "इट्स ग्रँड, जस्ट ग्रँड," असं सगळेच म्हणत होते. गिरीशने शुभदाकडे बघून डोळे मिचकावले. शुभदा चहा टाकायला आत वळली.

कॉन मात्र काठी टेकत, प्रत्येक पट्टी वाचत, सावकाश पुढे चालला होता. शेवटच्या फोटोशी तो थांबला.

"मेंढीचोरालासुद्धा हार आहे," कॉन म्हणाला.

त्याने काठीने स्वतःच्या फोटोकडे खूण केली.

"मी अकरा वर्षं काउंटीसाठी खेळलो. दोन्ही गुडघे त्यातच गेले." आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "असू दे. तुमच्या वडिलांनी हिशेबाने घातले असतील."

"नाही नाही! फुलं संपली!" गिरीश ओरडलाच.

"संपतील कशी?" नोराबाई म्हणाल्या. "मागे कुंपणापाशी अजून एक झाड आहे." ज्या बाई डेलियाचं पानसुद्धा कुणाला तोडू देत नसत, त्या स्वतः कात्री घेऊन मागे गेल्या आणि लालभडक फुलांची ओंजळ आणून अण्णांच्या हातावर ठेवली.

"बाई काय म्हनत्यात?" अण्णांनी विचारलं.

गिरीशने सांगितलं. अण्णा चटका बसल्यासारखे तडक स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी फुलं तिथल्या टेबलावर टाकली. मागोमाग गिरीश गेला आणि त्याने दार लोटलं.

"अण्णा, घाला. एक हार. घालून मोकळे व्हा."

"माझ्या हातनं हुयाचं न्हाई."

"त्यांना अर्थ कुठे माहितीये? त्यांच्या लेखी तो मानच आहे."

"मला ठावं हाय न्हवं!"

"अण्णा, घर जाईल हो! पाकीट बघितलंत का त्यांच्या खिशात?"

"घर गेलं तर दुसरं मिळंल. उद्या तो म्हातारा गेला, तर दुसरा मिळंल का?"

गिरीशने आशेने बायकोकडे बघितलं. शुभदा भूलतज्ज्ञ होती. रोज माणसांना झोपवून परत उठवणारी बाई, असल्या गोष्टींवर तिचा कसला आलाय विश्वास. पण तिचा चेहरा अण्णांपेक्षाही उतरलेला होता.

"मी पण घालू देणार नाही," ती म्हणाली. "तू त्याचे पाय बघितलेस? दोन पायऱ्यांत धाप लागली त्याला. आज आपण हार घातला आणि या आठवड्यात त्याला काही झालं, तर मी जन्मभर विसरणार नाही. मला कळतंय हा वेडेपणा आहे. मला भीती वाटतेय, गिरीश."

"आणि मला घराची वाटत नाहीये?"

बाहेरून काठीचा आवाज आला. कॉन दाराकडे निघाला होता. नोराबाई त्याला थांबवत होत्या आणि तो म्हणत होता, की जाऊ दे, मला कळलं काय ते. शुभदाने टेबलावरची फुलं ओढली, सुईत दोरा ओवला आणि भराभर फुलं गुंफायला सुरुवात केली.

"अण्णा, जिवंत माणसाला हार चालतो ना? फोटोला नाही. माणसाला?"

"सत्काराला व्हय?" अण्णांचा चेहरा उजळला. "सत्काराला चालतुय की! झोकात चालतुय."

पाटबंधारे खात्यात अण्णांनी एवढे सत्कार बघितले होते, की पुढचं कुणी सांगायची गरजच नव्हती. कपाटातून नारळ निघाला. शुभदाची लग्नातली शाल निघाली. अण्णा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून पॅसेजमध्ये आले आणि दारात पोचलेल्या कॉनला त्यांनी खांद्याला धरून वळवलं. कॉन त्यांच्याहून हातभर उंच होता. त्याला खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि डेलियाचा हार गळ्यात घातला.

"ह्यांनी आपल्या जिल्ह्यासाठी गुडघं दिलं," अण्णा सभेत बोलतात तशा आवाजात म्हणाले. "असली माणसं आता ऱ्हायली न्हाईत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, एवढं बोलून मी थांबतो."

गिरीशने भाषांतर केलं. ते करताना त्याचा आवाज खणखणीत लागला, कारण एवढ्या वेळात खरं बोलायची त्याची ही पहिलीच पाळी होती.

"मग बाकीच्यांचे हार फोटोला का?" एका बॉस्टनवाल्याने विचारलं.

गिरीशने बिशपसाहेबांच्या फोटोवरचा हार सारखा केला. "त्यांना आज यायला जमलं नाही," तो म्हणाला.

"जे हजर आहेत त्यांच्या गळ्यात, जे हजर नाहीत त्यांच्या फोटोला," नोराबाई मान डोलावत म्हणाल्या. "किती सुंदर पद्धत आहे."

कॉन एकेक फूल बोटांनी चाचपत होता. "मी गेल्यावर लोक फुलं आणतील, नोरा," शेवटी तो म्हणाला. "ढीग आणतील. पण तेव्हा त्यांचा वास मला कसा येणार?" मग त्याने खिशातलं पाकीट बहिणीला दिलं आणि शेगडीत घालायला सांगितलं. जाताना शुभदाने त्याला दारातच बाजूला घेऊन घोट्यांबद्दल बजावलं. सोमवारी त्याने डॉक्टर गाठला, औषध बदलून घेतलं आणि तसं फोन करून कळवलंही.

बुधवारी संध्याकाळी नोराबाई लीज घेऊन आल्या. दोघा भावंडांच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. गिरीशने खाली सही केली. शुभदाने शिरा केला होता. बॅग दाराशी सरकवून ठेवलेली, अण्णांचे बूट पॉलिश झालेले, सगळं कसं जागच्या जागी होतं.

मग नोराबाईंनी पिशवीतून एक फ्रेम काढली. रविवारी काढलेला अण्णांचा फोटो, फ्लीसच्या जॅकेटमधला. खाली पितळी पट्टीवर कोरलं होतं, 'दिलीप खराडे, मानद गिलहूली'. त्यांनी तो स्वतःच्या हाताने कॉनच्या शेजारी टांगला. अण्णांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीस वर्षं खात्यात काढली, पण त्यांचा फोटो कुठल्या भिंतीवर लागला नव्हता.

"भारी काम केलं बाईंनी," ते गिरीशला म्हणाले. "सांग त्यास्नी."

नोराबाईंनी आता पिशवीतून डेलियाचा एक भलामोठा हार काढला. व्हिडिओ बघून त्यांनी तो स्वतः गुंफला होता. तो त्यांनी अण्णांच्या गळ्यात घातला नाही. पुन्हा नीट कागदात गुंडाळला, हळूच खिडकीत ठेवला आणि फोटोकडे बोट दाखवून गिरीशला काहीतरी सांगितलं.

"काय म्हनत्यात?" अण्णांनी विचारलं.

गिरीशने आधी शुभदाकडे बघितलं. शुभदा लीजच्या कागदांकडे बघत होती.

"म्हणतायत की... उद्या तुम्ही निघालात की लगेच घालणार. फोटोला. आणि मग दर रविवारी येऊन ताजा."

नोराबाईंनी अण्णांचा हात प्रेमाने दाबला. अण्णांचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं.

"गिरीश, लीज किती वर्साचं केलंस रं?"

"तीन."

अण्णा सावकाश बॅगेपाशी गेले. जानव्याला बांधलेली किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं आणि एकेक स्वेटर बाहेर काढून ठेवायला सुरुवात केली.