चार चौकोनांचं हृदय

"आज तो प्रोजेक्टर माझ्या वर्गातून हलला, तर विज्ञान शिकवायचं सोडून देईन!" डबा भरता भरता विज्ञानाच्या बाईंनी जाहीर केलं.

नवऱ्याने मान डोलावली. अठरा वर्षांच्या संसारात तो एवढं नक्की शिकला होता. "हृदयाचा व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून घे. नेटची भानगड नको," त्याने हळूच सुचवलं.

"काही गरज नाही! शाळेचं नेट महिनाभरात एकदाही अडकलेलं नाही!"

प्रोजेक्टर महिनाभर वापरून बघायच्या बोलीवर आला होता. तो शाळेला कायमचा द्यायचा की दुसरीकडे धाडायचा, हे आज तपासणीचे साहेब वर्ग पाहून ठरवणार होते. बाईंना तो हवाच होता. वीस वर्षं त्या फळ्यावर हृदय काढत होत्या, आणि वीस वर्षं मुलं त्याला बटाटा म्हणत होती!

तिसऱ्या तासाला साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले. बाईंनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर गादीची जाहिरात!

"बाई, स्किप करा!" अख्खा वर्ग ओरडला.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. मग हृदय आलं. पडदाभर, लालभडक! एकदा आकसलं आणि तसंच थांबलं. मधोमध गोल चक्र फिरायला लागलं.

"बाई, हृदय बंद पडलं!" पहिल्या बाकावरची चष्मेवाली किंचाळली.

बाई व्हरांड्यात धावल्या. तिथे मुख्याध्यापक खुशीत फेऱ्या मारत होते.

"सर, नेट गेलं!"

"जाईल कसं? साहेबांवर छाप पडावी म्हणून मी बाराही वर्गांना फर्मान काढलंय, या तासाला प्रत्येकाने मोबाइलवर का होईना, व्हिडिओ लावायचाच! भाषेच्या बाईंनी तर दोन लावलेत!"

बाईंनी कपाळावर हात मारला. पण गप्प बसतील त्या बाई कसल्या! परत येऊन त्यांनी बाह्या सरसावल्या.

"बाक भिंतीला लावा!" खडूने जमिनीवर चार मोठे चौकोन काढले. "हे हृदय. खिडकी म्हणजे फुप्फुसं. तुम्ही सगळे रक्त! मी टाळी वाजवली की पुढच्या चौकोनात. उंच दोघं झडपा व्हा, कुणालाही उलटं येऊ देऊ नका!"

टाळ्या सुरू झाल्या. रक्त खिडकीशी जाऊन दणकून श्वास घेऊन परत येऊ लागलं. एक जण उलटा घुसला, त्याला झडपेने अडवलं.

"साहेब, पाय वर घ्या! तिथून महाधमनी जाते!" चष्मेवाली ओरडली.

साहेबांनी दचकून पाय वर घेतले. थोड्या वेळाने वही मिटली. पुढच्या फेरीला तेही रक्तात होते! घामाघूम होऊन त्यांनी मुलांना दहा प्रश्न विचारले. दहाची दहा उत्तरं बरोबर!

"बाई, अख्ख्या नोकरीत असा वर्ग पाहिला नाही!" साहेब धापा टाकत म्हणाले.

बाईंचा ऊर भरून आला. "मग साहेब, प्रोजेक्टर...?"

"छे, छे! तुम्हाला कशाला हवाय तो? ज्यांना शिकवता येत नाही, त्यांच्या शाळेत पाठवतो. आत्ताच गाडीत ठेवतो!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. वायरी गुंडाळल्या गेल्या, पडदा खाली आला. बाई प्रोजेक्टरकडे दोन पावलं सरसावल्या, पण मुलं कौतुकाने त्यांच्याकडेच बघत होती. बाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं.

"रिमोट राहिला, साहेब."