लिफ्ट तपासनिसांचा जिना

कचेरीच्या डॉक्टरीणबाईंनी लिफ्ट तपासनिसांना आडपडदा न ठेवता सांगितलं, "तीन महिने देते. साखर खाली आली नाही, तर 'फिरतीसाठी अपात्र' असा शेरा मारावा लागेल. मग बसा टेबलावर."

एकोणीस वर्षं तपासनिसांनी शहरातल्या इमारती पालथ्या घातल्या होत्या. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन दोरावरून नुसता हात फिरवला, की लिफ्टचं दुखणं त्यांना कळायचं. हल्ली तिथवर पोचेपर्यंत धाप लागायची आणि मेकॅनिक न सांगता स्टूल पुढे करायचा, ही गोष्ट खरी. पण फिरती गेली तर उरलेली नोकरी म्हणजे जन्मठेपच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

संकल्प त्यांना नवे नव्हते. पहाटे फिरण्याचा चार दिवस टिकला, बिनसाखरेच्या चहाचा दोन दिवस, आणि दोरीवरच्या उड्यांचा खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येईपर्यंत. प्रत्येक संकल्प त्यांनी आधी कचेरीभर जाहीर केला होता आणि तो मोडल्यावर कचेरीनं त्यांची मनसोक्त टिंगल केली होती.

म्हणून या वेळी बायकोनं बजावलं, "अहो, साधंसं काहीतरी करा. कचेरी सातव्या मजल्यावर आहे ना? जिन्यानं चढा, जिन्यानं उतरा. पण कुणाला सांगू नका! तुमच्या तोंडातून बाहेर पडलं की संपलंच ते."

"नाही सांगत."

"विचारलं तरी?"

"विचारलं तरी नाही. शपथ."

सल्ला सोन्यासारखा होता. फक्त आपला नवरा काय काम करतो, याचा बाईंना तेवढ्यापुरता विसर पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तळमजल्यावर लिफ्टपुढे नेहमीची रांग होती. तपासनीस आले. लिफ्टचं दार उघडलं. आत काचेखाली लिफ्ट सुरक्षित असल्याचा दाखला, दाखल्याखाली यांचीच सही. लोकांनी अदबीनं वाट करून दिली. तपासनिसांनी लिफ्टकडे एकदा हळहळून पाहिलं आणि मान हलवून ते जिन्याकडे वळले.

रांग जागच्या जागी थबकली.

"साहेब, लिफ्ट?" तिसऱ्या मजल्यावरच्या टंकलेखिकेनं विचारलं.

"नको."

"का हो?"

"असंच. मला आपला जिनाच बरा."

एवढं बोलून ते चढू लागले. टंकलेखिकेनं पाचव्या मजल्यावरच्या भांडारपालाकडे पाहिलं, भांडारपालानं लिफ्टकडे पाहिलं. मग दोघंही, तसं काही विशेष नाही अशा चेहऱ्यानं, जिन्याला लागली. चौथ्या मजल्याच्या वळणावर भांडारपालाला तपासनीस कठडा धरून उभे दिसले. घामाघूम झालेले, चेहरा लाल.

"साहेब, खरं सांगा. काही काळजीचं आहे का?"

तपासनिसांना वाटलं, हा तब्येतीचं विचारतोय. "आत्ता लगेच नाही," ते धापा टाकत म्हणाले, "पण तीन महिन्यांनंतर काही सांगता येत नाही."

दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं, की लिफ्टचे तीन महिने उरलेत. आठवड्याभरात लिफ्ट जवळजवळ ओस पडली.

तपासनीस मात्र या वेळी कधी नव्हे इतके नेटानं चढत होते. फिरतीवरही त्यांनी नेम मोडला नाही. एखाद्या इमारतीत जायचं, जिन्यानं गच्ची गाठायची, लिफ्ट कसून तपासायची, 'सुरक्षित' म्हणून सही ठोकायची आणि जिन्यानं खाली यायचं. खाली उभे असलेले रहिवासी तोंडात बोटं घालायचे. तक्रारींचा पाऊस पडला. त्या सगळ्या चौकशीसाठी आल्या तपासनिसांच्याच टेबलावर. त्यांनी एकूण एक लिफ्ट पुन्हा तपासली, 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि जिन्यानं घरी गेले.

सहाव्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेब स्वतः जिना चढून आले होते, त्यामुळे आधीच तापलेले होते.

"काय आहे त्या लिफ्टमध्ये?"

"काही नाही, साहेब."

"मग तुम्ही बसत का नाही?"

तपासनीस चुळबुळले. शपथ आठवली, पण इलाज नव्हता. "साहेब, साखर वाढलीय. ती उतरावी म्हणून संकल्प केलाय जिन्याचा."

"किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

मोठ्या साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हे पाहा, माझ्यासमोर तुमचे नऊ संकल्प झाले. एकाला तरी दुसरा सोमवार दिसला का? आणि हा सहा आठवडे? थाप मारायची तर जरा पटेलशी मारा!"

"साहेब, देवाशपथ..."

"पुरे! उद्यापासून तुम्ही लिफ्टनंच जायचं, लिफ्टनंच यायचं. शिवाय सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास आत उभं राहून वर-खाली करायचं, सगळ्यांना दिसेल असं. लेखी हुकूम काढतो. कुठल्याही इमारतीत जिन्यावर दिसलात, तर फिरती त्याच दिवशी बंद."

फिरतीचं नाव निघताच तपासनिसांनी हुकूम कबूल केला.

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये ते एकटेच उभे असायचे. दर मजल्यावर दार उघडायचं आणि जिन्यावरून जाणारी मंडळी थांबून त्यांना कळवळून बघायची.

"बिचाऱ्याला जबरदस्तीनं कोंडलंय हो," टंकलेखिका म्हणाली.

"लेखी हुकूम आहे," भांडारपाल म्हणाला. "चांगली असती, तर हुकूम कशाला काढावा लागला असता?"

हा मुद्दा बिनतोड होता. जे चार-दोन धीट लोक अजून लिफ्टनं जात होते, तेही जिन्यावर आले.

तीन महिने भरले. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढले. "तुमच्या इमारतीतली आठ माणसं येतात माझ्याकडे. आठही जणांची साखर उतरली. म्हणतात, जिने चढतो. तुमची मात्र दीड महिना उतरली आणि पुन्हा चढली. तुम्ही काय करत होता?"

"लिफ्टमध्ये उभा होतो."

बाईंनी शेरा लिहायला पेन उचललं. ते पाहून तपासनिसांचा धीरच सुटला. "बाई, टेबलावर नका हो बसवू मला," असं म्हणून त्यांनी शपथेपासून हुकमापर्यंत सगळी कर्मकथा ऐकवली. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी लिहिलं: 'आणखी तीन महिने फिरतीस पात्र. अट: रोज जिने चढणे सक्तीचे.'

तो कागद पाहून मोठे साहेब हबकले. इतक्या आठवड्यांच्या जिन्यानं त्यांचाही पट्टा दोन भोकं आत गेला होता, म्हणून संकल्पावर त्यांचा आता थोडाफार विश्वास बसला होता. पण काढलेला हुकूम मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"असं करा," ते विचार करून म्हणाले, "चढताना जिना, उतरताना लिफ्ट. डॉक्टरांचंही राहिलं, माझंही राहिलं."

तपासनिसांना आभाळ ठेंगणं झालं. त्या दिवसापासून ते रोज जिन्यानं वर गेले आणि लिफ्टनं खाली आले, आणि इमारतीनं डोळ्यांत तेल घालून ते पाहिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते लिफ्टमध्ये शिरले, तर मागोमाग भांडारपाल शिरला. पाठोपाठ सगळा पाचवा मजला, मग तिसरा. लिफ्ट गच्च भरून खाली आली. सकाळी मात्र तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सारी इमारत जिना चढत होती.

"साहेब," टंकलेखिकेनं दुसऱ्या वळणावर त्यांना गाठून हळूच विचारलं, "उतरताना चांगली आहे, ते कळलं आम्हाला. पण वर जाताना नक्की काय होतं हो तिला?"

तपासनिसांना आता धापही लागत नव्हती. त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

"वर जाताना साखर वाढते."

टंकलेखिकेनं गंभीरपणे मान डोलावली, मागच्यांना ते कळवलं, आणि सगळे पटापट चढू लागले.