पांढऱ्या पानाची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. शके सोळाशे एकुणनव्वद, सर्वजित् नाम संवत्सरी, एका राज्यी महाराजांचे चित्त बिघडले ते पुन्हा ठिकाणी कैसे आले, हे धनी पुसते जाहले, म्हणोन आठवेल तैसे लिहिले आहे.

मुदपाकखान्याची मुख्य येसाक्का. तिने तीन गाद्यांस जेवू घातले. थोरले महाराज असता पानात नाचणीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि दाट दही असे, आणि महाराज हसत जेवून उठत आणि शेजेवर पाठ टेकताच घोरत. मग धाकटे महाराज गादीवर आले आणि दिवाण अंताजीपंतांनी रीत घातली की, राजाचे पान पांढरे असावे, रंगीत खाणे चाकरांचे. मग सात वेळा कांडून पांढऱ्याफेक केलेल्या तांदळाचा भात, साखर आणि साबुदाण्याची खीर एवढेच पानात राहिले, आणि कोंडा, पाला, डाळीची चुणी सारी हत्तीखान्यात जाऊ लागली. वर्षभरात महाराजांची झोप उडाली, आणि सकाळी ज्यास पागोटे द्यावे त्यास दुपारी विसरावे, आणि उगाच डोळ्यांस पाणी आणावे, ऐसे होऊ लागले. दिवाण बोलिले, "म्हातारीच्या हातची चव गेली. महिन्यात महाराज हसले नाहीत, तर किल्ली ठेवून राज्याबाहेर जावे."

साठ वर्षांची चूल सुटणार म्हणोन येसाक्का डोळे पुसत हत्तीखान्यावरून चालली, तो लखू माहूत म्हणाला, "आक्का, आमचा हत्ती बघा कसा डोलतोय! तुमच्या कोंड्यानं तुकतुकी आलीया!"

येसाक्काने कपाळास हात लाविला. "अगं बाई! राजाचं जेवण हत्ती जेवतोय!"

दुसरे दिवशी तिने थोरल्या महाराजांचे पान वाढिले. महाराज कडाडले, "हे हत्तीचे खाणे आम्हांस?"

"होय बाळराजे. हत्ती खुशीत आहे, तुम्ही नाही."

महाराजांनी पान दूर सारिले. मग येसाक्का म्हणाली, "डोक्यात सुखाचे आणि झोपेचे जासूद पळत असतात. त्यांचा शिधा पोटातून जातो. नुसत्या साखरेवर ते घटकाभर धावतात आणि बसकण मारतात."

महाराज म्हणाले, "जेवतो. पण महिना भरला की तुझा निकाल."

आठ दिवस काही फरक पडेना, आणि येसाक्काने आपले बोचके बांधून ठेविले. मग पंधरावे दिवशी महाराजांनी चोपदारास नावाने हाक मारिली, आणि डोळ्यांचे पाणी आटले. महिना भरला त्या सकाळी दिवाण हद्दपारीचा कागद आणि येसाक्कास घेऊन शयनगृहाच्या दारी आले, तो आत महाराज घोरत होते. उठवावयाची कोणाची छाती होईना, आणि ऊन माथ्यावर आले, आणि दिवाणांचे पाय भरून आले. मग महाराज उठले, आळस दिला, दिवाणांस न्याहाळिले आणि खदखदा हसले.

"पंत, किती किरकिरे दिसता! अजून पांढरेच जेवता काय? आक्का, आजपासून यांना भाकरी घाल, आणि अंबाडी संपल्याखेरीज पानावरून उठू देऊ नको."

येसाक्काने बोचके सोडिले आणि पीठ मळावयास घेतले.

एवंच महाराजांचे चित्त ठिकाणी आले, आणि येसाक्का आणखी अकरा वर्षे चुलीपुढे बसली. दिवाणांस महिनाभराने अंबाडी आवडू लागली, परंतु तसे त्यांनी कधी कबूल केले नाही. आठवले ते इतके.