वस्तऱ्याची पूजा

"पाण्याचा थेंब दिसता कामा नये त्याच्यावर," मोहनराव म्हणाले. "दर तीन दिवसांनी चामड्याच्या पट्ट्यावर वीस वेळा फिरवायचा, फडक्यानं पुसायचा, मशीनच्या तेलाचं बोट लावायचं आणि डबीत ठेवायचा. न्हाणीघरात नाही, कपाटात. समजलं?"

"बाबा, मी बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे."

"म्हणूनच विचारतोय."

मोहनरावांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होते. डॉक्टरांनी पंधरा दिवस चेहऱ्याला पाणी लावायचे नाही असे बजावले होते, म्हणजे दाढीही बंद. रेल्वेतल्या पहिल्या पगारात घेतलेला तो वस्तरा साठ वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात जात होता. ब्याऐंशीव्या वर्षी मोहनरावांना जिना उतरायला, औषधाची पट्टी उघडायला, फोन लावायला कोणीतरी लागे. दाढी मात्र ते स्वतः करत, आणि तेवढा अर्धा तास त्यांना म्हातारा म्हणायची कोणाची छाती नव्हती. मुलगा उन्मेष चोपन्न वर्षांचा घोडा झाला, तरी त्या डबीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. त्यामुळे डबी मिळाली तेव्हा स्वारी जी हवेत गेली, ती दोन दिवस खाली आली नाही.

पहिला आठवडा त्याने अगदी सोवळ्यात पाळला. वीस म्हणजे वीस वेळा. बायको, कांचन, मध्येच काही बोलली तर पुन्हा एकपासून मोजायचा. आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी घरातले जे जे धारेचे आणि यंत्राचे, ते सगळे पूजेच्या पाटावर येते. उन्मेषने स्क्रूड्रायव्हर मांडले, पकड मांडली, विळी मांडली, कांचनचा लॅपटॉप मांडला आणि सगळ्यांच्या मध्ये, मानाच्या जागी, डबीतून काढून वस्तरा उघडा ठेवला. दरवर्षी ही पूजा मोहनराव करत. ते डबी बंद ठेवून डबीलाच कुंकू लावत, हे उन्मेषने चाळीस वर्षे पाहिले होते. पण त्याला वाटायचे, बाबांचा आळस, दुसरे काय! आता सूत्रे त्याच्याकडे होती. त्याने पात्यावर पळीभर पाणी शिंपडले, ओली हळद लावली, ओले कुंकू लावले, अक्षता वाहिल्या आणि वर एक टपोरा झेंडू ठेवला.

"वस्तऱ्याची पूजा केलीस का रे?" हिरवा चष्मा लावून आत पडलेल्या मोहनरावांनी विचारले.

"केली बाबा! अगदी साग्रसंगीत."

"बरं केलंस. साठ वर्षांत त्याची एकही पूजा चुकली नाही."

नवमीला शस्त्राला हात लावायचा नाही, पूजा उचलायची दसऱ्याला. दसऱ्याच्या सकाळी उन्मेष फाफडा-जलेबीच्या रांगेत होता, आणि त्या दिवशी त्या रांगेतून जो दोन तासांच्या आत परत येतो, तो बडोद्याचा नव्हेच. मग जेवण, मग झोप, मग शेजारीपाजारी सोने वाटणे. संध्याकाळी त्याने झेंडू उचलला. खाली पात्यावर एक तांबूस ठिपका होता.

"बघ, कुंकू कसं छान बसलंय," तो कौतुकाने म्हणाला आणि फडक्याने पुसू लागला. ठिपका जाईना. त्याने फडके ओले केले. तरी जाईना.

कांचनने वाकून पाहिले. "अहो, कुंकू नाही ते. गंज आहे."

उन्मेषने नखाने खरवडून पाहिले.

"बाबांना सांगून टाका. आत्ताच्या आत्ता."

"वेड लागलंय का? काल साठ वर्षं म्हणाले ते! अजून आठ दिवस आहेत, मी करतो बराबर. बत्तीस वर्षं टूलरूममध्ये आहे मी."

"म्हणूनच म्हणतेय, सांगा."

सांगितले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण उन्मेषने लिंबू आणि मीठ घेतले. देवाचा तांब्या त्याने लख्ख होतो, मग वस्तऱ्याने काय घोडे मारले आहे? वस्तरा रात्रभर लिंबात राहिला आणि सकाळी ठिपक्याच्या जागी काळा पट्टा होता. मग त्याने पॉलिश पेपर आणला. काळे गेले, पण धारेला दोन खांडे पडली. ती काढण्यासाठी तो वस्तरा खिशात घालून गोरव्याला कारखान्यात गेला. तिथे ग्राइंडिंगचे काम जयंतीभाई करत. त्यांची चहाची वेळ होती. पाच मिनिटे थांबायला काय हरकत होती? पण नाही, बत्तीस वर्षे! उन्मेषने स्वतःच चाक सुरू केले. ठिणग्या उडाल्या, आणि बघता बघता पात्याची कड तापून निळी पडली, म्हणजे पोलादाचे पाणीच उतरले.

जयंतीभाई चहा संपवून आले. त्यांनी पाते उजेडात धरले.

"आ तो गयो, साहेब," ते हळहळून म्हणाले. "हवे आनाथी काकडी पण नहीं कपाय. मने बूम पाडवी हती ने!"

म्हणजे आता याने काकडीही कापली जायची नाही, आणि मला हाक मारायची होती. ते शेवटचे वाक्य उन्मेषला नंतर वर्षभर ऐकू येत राहिले.

पुढचे तीन दिवस तो पाणीगेटच्या बाजूची केशकर्तनालये धुंडाळत होता. सगळीकडे अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा. चौथ्या दिवशी एका जुन्या दुकानदाराने खणातून एक अख्खे पाते काढून दिले. साधारण त्याच मापाचे, चकचकीत, कुठे डाग नाही. उन्मेषने कारखान्यात बसून बाबांच्या वस्तऱ्याची शिंगाची मूठ सोडवली आणि नव्या पात्याला जोडली. इतके सुबक काम त्याच्या हातून सबंध नोकरीत झाले नव्हते, आणि दाखवायला जागा नव्हती.

पंधराव्या दिवशी मोहनराव आरशासमोर बसले. पंधरा दिवसांच्या दाढीत ते एखाद्या पौराणिक नाटकातले ऋषी दिसत होते. उन्मेषला एकच आशा होती, की त्यांना नीट दिसणार नाही. पण ऑपरेशन उत्तम झाले होते. "समोरच्या गच्चीवरचे चिमटेसुद्धा मोजता येतात रे," म्हणत त्यांनी वस्तरा उघडला, उलटा केला, सुलटा केला, पट्ट्यावर फिरवला, क्षणभर थांबला त्यांचा हात, आणि मग त्यांनी सावकाश दाढी केली.

"धार चांगली ठेवलीस," ते गालावरून हात फिरवत म्हणाले.

उन्मेष सुटला. निदान त्याला तसे वाटले. प्रत्यक्षात रोज सकाळी पट्ट्याचा आवाज सुरू झाला की तो चहा अर्धवट टाकून उठायचा. मग तो ती वेळ साधून दूध आणायला जाऊ लागला. घरात दूध उतू जाईल इतके येऊ लागले.

असे वर्ष गेले. पुन्हा खंडेनवमी आली, पुन्हा पाट मांडला. उन्मेषने डबी बंदच ठेवली आणि झाकणावर नेमके एक बोट कुंकू लावले.

"पात्यावर लाव की," मागून मोहनराव म्हणाले.

"नको बाबा. पाणी लागेल, गंज..."

"नाही धरत. स्टेनलेस आहे ते. दोन महिने मुद्दाम तेल लावलं नाही, ठिपका नाही त्याच्यावर."

उन्मेषने कुंकवाची वाटी पाटावर ठेवली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. पट्ट्यावर आवाज वेगळा येतो. आणि नवा डोळा होता ना!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. दिवाळीला वाटलं, बोलशील. संक्रांतीला तिळगूळ देताना तर तोंड उघडलं होतंस. म्हटलं, आली गाडी फलाटावर. तर म्हणालास, बाबा, वडी कडक झालीये."

उन्मेषने सगळे सांगितले. झेंडू, लिंबू, चाक. सांगताना चोपन्नाचा पंचावन्न झालेला हा गृहस्थ पाटासमोर बसून लहान मुलासारखा रडला.

"एवढाच ठिपका होता ना, कुंकवाएवढा?" मोहनरावांनी विचारले.

"तेवढाच."

"तेल आणि राख. दोन दिवसांचं काम होतं रे. हाक मारायची होतीस." उन्मेषची आई गेली त्या सकाळीही मोहनरावांनी त्याच वस्तऱ्याने दाढी केली होती, हे ते बोलले नाहीत, पण दोघांनाही आठवले. "जुनं पातं कुठंय? टाकलंस?"

"नाही. गोरव्याला माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मऊ फडक्यात."

"तेल लावतोस?"

"दर तीन दिवसांनी."

"आणि पट्टा?"

"वीस वेळा."

"मग आलं की तुला," मोहनराव म्हणाले. त्यांनी डबी उघडून नवे पाते पाटावर ठेवले आणि पाण्याची पळी उन्मेषच्या हातात दिली.