व्हर्लिन क्राट्झने खोटी ठरवलेली पट्टी

मोटारीची ओळखपट्टी, म्हणजे तिचा नंबर ठोकलेली धातूची पट्टी, खरी की खोटी हे आपल्याला पट्टीला हात न लावता कळतं, असं व्हर्लिन क्राट्झ सांगायचा. लगेच पुढे हेही सांगायचा, की एकतीस वर्षांत आपला निकाल एकदाही चुकलेला नाही. ओहायोच्या त्या कोपऱ्यात त्याचं म्हणणं खोडून काढणारं कुणी नव्हतं.

गावाबाहेर एके काळी मोटारींचा कारखाना होता. साठ-सत्तरच्या सुमाराला तिथून मोठाल्या इंजिनांच्या, जागच्या जागी उभ्या असल्या तरी गुरगुरणाऱ्या दांडग्या गाड्या बाहेर पडायच्या. आता त्यांना मसल कार म्हणतात आणि त्या सोन्याच्या भावाने विकल्या जातात. सोन्याचा भाव आला की पितळेला मुलामा देणारेही आलेच. कुठल्या तरी साध्या गाडीवर नामांकित गाडीची पट्टी ठोकायची आणि वर मिशीला पीळ देत विकायची, असे उद्योग सर्रास चालत. व्हर्लिनने त्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेली, आणि नोकरीची सुरुवातच पट्ट्यांवर आकडे ठोकण्यापासून झालेली. त्यामुळे शंका आली की लोक त्यालाच बोलवत. तो भिंग, टॉर्च आणि दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन यायचा, काचेखालच्या पट्टीपाशी वाकायचा, आणि डॉक्टर पोट दाबताना करतात तसा ‘हं’ करायचा. मालकाचा जीव तेवढ्यात अर्धा होई.

ऑगस्टातल्या जत्रेत जुन्या गाड्यांची रांग लागते. यंदा तिथे आर्डिथ बीमर आपल्या नवऱ्याची गाडी घेऊन आली. जर्दाळूच्या रंगाची, दोन दारांची, एकोणसत्तर सालची. नवरा डेल्मार फेब्रुवारीत गेला. ही गाडी त्याने कोरी करकरीत घेतली होती आणि पन्नास वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. पण कुणा उपद्व्यापी माणसाला एका प्रदर्शनात दिसलं, की पट्टीवरच्या नंबरात शेवटचा आकडा सहा आहे आणि कागदांवर नऊ. झालं. तेव्हापासून लोक त्याला विचारायचे, “डेल्मार, आज कुठली अर्धी गाडी आणलीस?” दोन मोडक्या गाड्या जोडून ही एक केली, अशी वदंताच पसरली. डेल्मार हसण्यावारी न्यायचा. ही गाडी आहे तशीच कारखान्यातून आली, एवढंच म्हणायचा. व्हर्लिनने तपासून देतो म्हटलं, तर माझ्या गाडीला साक्षीदार लागत नाही, असं त्याला सुनावलं होतं. पण शेवटची काही वर्षं त्याने गाडी प्रदर्शनाला आणणंच सोडून दिलं.

आर्डिथला गाडी विकायची नव्हती. ज्या लोकांनी तिच्या नवऱ्याची टिंगल केली त्यांच्यासमोर, माईकवरून, व्हर्लिनने एकदा सांगावं की डेल्मार खरं बोलत होता, एवढीच तिची मागणी. व्हर्लिनला माईक आवडायचा. तो तयार झाला.

माणसं जमली. व्हर्लिन वाकला. पट्टी जडवणारे खिळे, म्हणजे रिव्हेट, सहा पाकळ्यांच्या फुलासारखे होते, म्हणजे बरोबर. धातू बरोबर. मग भिंग शेवटच्या आकड्यावर आलं आणि त्याचा ‘हं’ नेहमीपेक्षा लांबला. कारखान्यातल्या सहाची शेपटी डुकराच्या शेपटीसारखी वळलेली असे. नऊची मात्र सरळ काठीसारखी. या सहाची शेपटी सरळ होती. त्याने गाडीखाली सरपटत जाऊन सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाहिला. तिथे नऊ. बाहेर येऊन गुडघे झाडत त्याने माईक हातात घेतला.

“हा सहा आमच्या कारखान्यातला नाही. पट्टी खोटी आहे,” तो म्हणाला. इथे थांबला असता तरी पुष्कळ होतं. पण समोर तीनशे माणसं होती. “आणि ज्याने कुणी ही केली, तो एक तर आंधळा होता नाही तर प्यायलेला. असल्या माणसाला आमच्याकडे झाडूसुद्धा मारू दिला नसता.”

डेनी फस्को तिथेच उभा होता. तो शेरीफचा हवालदार, अंगात गणवेश आणि हातात काडीला लावलेलं सॉसेज. खोटी पट्टी लावलेली गाडी म्हणजे चोरीची असू शकते, आणि ती जप्त करणं त्याला भाग होतं. सॉसेज कुठे ठेवावं हे न सुचल्याने त्याने ते आधी खाऊन संपवलं.

“मिस्टर क्राट्झ,” तो हळूच म्हणाला, “हे माईकवर बोलायला नको होतं तुम्ही. माझ्या कानात सांगितलं असतंत तर मला ऐकू आलं नसतं.”

व्हर्लिनची पाचावर धारण बसली. त्याने पुन्हा माईक उचलला आणि खोटी म्हणजे अगदीच तशी खोटी नव्हे, असं काहीतरी सांगायला गेला. त्यासरशी माईक असा किंचाळला की शेजारच्या मांडवातल्या बक्षीसपात्र डुकरांनी कुंपण हलवलं. हवालदार गाड्या जप्त करतोय ही बातमी एव्हाना रांगेच्या टोकापर्यंत पोचली होती. एकाला अचानक घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. दुसऱ्याच्या बायकोला चक्कर आली. ती बायको लिंबूसरबताच्या रांगेत ठणठणीत उभी होती, तिला तिथेच सोडून तो निघून गेला. पाऊण तासात चाळीस गाड्यांच्या अकरा उरल्या. त्या अकरांच्या मालकांकडे लोक इतक्या आदराने बघू लागले की तेच अवघडले.

ओढायची गाडी आली आणि जर्दाळू रंगाची गाडी मागची दोन चाकं हवेत धरून फाटकाबाहेर गेली. आर्डिथ रडली नाही, भांडलीही नाही. “डेल्मार पन्नास वर्षं माझ्याशी खोटं बोलला असं वाटतं का तुला, व्हर्लिन?” एवढंच तिने विचारलं. रविवार व्हर्लिनने गॅरेजमध्ये तेच ते स्पॅनर पुसत काढला.

सोमवारी त्याला मेव्हिस जाब्लोन्स्की आठवली. त्या काळी पट्ट्या गाडीत रिव्हेटने बसवायचं काम तिच्याकडे होतं. आता ती ऐंशी पार करून नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात असायची. हिला निदान ही लबाडी कुणाची असेल ते ठाऊक असेल, अशा आशेने तो पट्टीचा मोठा केलेला फोटो घेऊन गेला. मेव्हिस चाकांच्या खुर्चीत बसून बटरस्कॉचची गोळी चघळत होती. व्हर्लिनने तिला सगळं रामायण ऐकवलं. सहाची शेपटी, सांगाड्यावरचा नऊ, आणि अभिमानाने की लाजेने कोण जाणे, आंधळा-प्यायलेला हे वाक्यही.

तिने फोटो हातात घेतला, उलटा केला आणि परत त्याच्याकडे दिला.

“आता वाच.”

व्हर्लिनने वाचलं. बाकीचे आकडे डोक्यावर उभे होते आणि तो एकटा ताठ मानेने सुलट. सरळ शेपटीचा, कारखान्याचा अस्सल इंग्रजी नऊ.

“दुसरी पाळी, नोव्हेंबर एकोणसत्तर,” मेव्हिस म्हणाली. “साच्यात नऊचा ठसा उलटा बसवणारा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. आंधळा नव्हता. प्यायलेला होता का, ते तुलाच माहीत.”

व्हर्लिन खाली बसला. खाली खुर्ची होती हे नशीब.

मग तिने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत उरलेलं सांगितलं. दोन दिवसांनी फोरमनला कागद जुळेनात. गाडी तोवर मालगाडीवर चढून गेलेली. साचा कुणी लावला म्हणून तो ओरडत आला. “नोकरी पक्की व्हायला तुझे नव्वद दिवस भरायचे होते. तोवर तुला काढलं असतं तरी युनियनने बोट हलवलं नसतं. मला काढणं त्यांच्या बापाला जमलं नसतं. मी म्हटलं, मीच लावला.”

तिला नोकरीवरून काढता आलं नाही, पण माल चढवायच्या दारापाशी टाकलं. ते दार अख्खा हिवाळा उघडं असे आणि जवळच्या सरोवरावरचं वारं तिथून थेट आत येई. व्हर्लिनला ते दार चांगलं आठवत होतं. आपण तिला जागा का बदललीस म्हणून विचारलं होतं, हेही आठवलं. मोकळी हवा आवडते, असं ती म्हणाली होती. पुढे कितीतरी वर्षं तो लोकांना सांगायचा, की मेव्हिस बाई चांगली, पण डोक्याने जरा हललेली.

“मला सांगितलं का नाहीस कधी?”

“सांगितलं असतं तर आभार मानत बसला असतास. लाइनवर कामं होती मला.”

कारखान्याच्याच कॅन्टीनमध्ये सूप वाढणाऱ्या मुलीशी व्हर्लिनचं लग्न झालं होतं. घर, दोन मुलींची शिक्षणं, दर महिन्याचं पेन्शन, एवढंच काय, पट्ट्यांतला तज्ज्ञ म्हणून मिरवणंसुद्धा त्याच नोकरीतून आलं होतं. आणि ती सगळी उतरंड एका बाईने थंडीत उभं राहून सावरून धरली होती. तो फोटो पुन्हा पुन्हा उलटसुलट करत राहिला. मेव्हिसने त्याच्या हातावर एक गोळी ठेवली आणि तो ती खाईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

तिथून तो थेट शेरीफच्या कचेरीत गेला. डेनी दोन बोटांनी टाइप करत जबानी घेऊ लागला. नाव, पत्ता झाल्यावर बोटं थांबली.

“तज्ज्ञ म्हणून लिहू की आरोपी म्हणून?”

“दोन्ही लिही,” व्हर्लिन म्हणाला.

मेव्हिसनेही सही केली. राज्याच्या तपासनिसाने येऊन पट्टी पाहिली, मान वाकडी करून पुन्हा पाहिली, आणि शुक्रवारी गाडी सुटली. शनिवारी जत्रेचा शेवटचा दिवस होता. व्हर्लिनने माईक मागून घेतला. ही गाडी एकच आहे, कारखान्यातून आली तशीच आहे, डेल्मार बीमर पन्नास वर्षं खरं बोलत होता आणि चूक माझ्या हातची, असं त्याने सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, “मग आंधळा होतास की प्यायलेला?”

“दोन्ही नाही. पूर्ण शुद्धीत होतो, म्हणून तर जास्त लाज वाटते,” व्हर्लिन म्हणाला.

लोक हसले, आणि या वेळी डेल्मारला कुणी हसलं नाही. आर्डिथने व्हर्लिनच्या गळ्यात हात टाकले. डेल्मारची गाडी तू आधी तपासायला हवी होतीस की त्याने तुला ती तपासू द्यायला हवी होती, कोण जाणे, पण आता त्याला शांत झोप लागेल, असं ती म्हणाली.

रविवारी दुपारी व्हर्लिन आणि आर्डिथ गाडी घेऊन वृद्धाश्रमात गेले. व्हर्लिनने आभाराचं भाषण लिहून आणलं होतं. दोन कागद, दोन्ही बाजूंनी. मेव्हिसची खुर्ची दारापर्यंत आणली गेली. तो तिच्यासमोर उभा राहिला, खाकरला आणि पहिलं वाक्य वाचू लागला.

“ते नंतर, पोरा,” मेव्हिस म्हणाली. “आधी बाजूला हो. गाडी दिसत नाहीये.”

तो बाजूला झाला. मेव्हिसने गाडी डोळे भरून पाहिली, काचेखालच्या पट्टीवरून काचेवरूनच एकदा बोट फिरवलं आणि आर्डिथचा हात धरून पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला. आर्डिथने इंजिन चालू केलं तशी आश्रमाच्या सगळ्या खिडक्यांची तावदानं थरथरली. मागच्या सीटवर चढणं व्हर्लिनच्या गुडघ्यांना जमण्यातलं नव्हतं, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. त्या दोघी नदीच्या रस्त्याने निघून गेल्या.

व्हर्लिन रिकाम्या खुर्चीत बसला आणि त्याने ते दोन्ही कागद स्वतःशीच, पण नीट, शेवटपर्यंत वाचले. वाचता वाचता डोळे भरून आले. तेवढ्यात एक नवी नर्स बाहेर आली. तिने त्याच्या गुडघ्यांवर शाल टाकली, खुर्चीचा ब्रेक काढला आणि, “चला आजोबा, सूप निवतंय,” म्हणत त्याला आत ढकलत नेलं.

व्हर्लिनने तिचेही आभार मानले.