धंदा विकल्याची रंगीत तालीम

विकावं की विकू नये या विचाराने श्यामसुंदर आगाशांची पोह्यांवरची वासना उडाली, तेव्हा प्रेमलाबाईंनी ओळखलं की प्रकरण साधं नाही. पोह्यांवर ओलं खोबरं होतं, कोथिंबीर होती, लिंबाची फोडही होती. तरी हा माणूस बशीकडे असा बघत होता, जणू ती चुकून शेजाऱ्यांच्या घरून आली आहे.

"अहो, खा की. धंदा सोडायचाय, खाणं नाही."

"सोडायचाय असं कुठे म्हटलं मी?"

"मग नका सोडू."

"नका सोडू काय? माझे गुडघे बघतेस ना?"

बिबवेवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये ही चर्चा पंधरा दिवस चालू होती. आगाशांचा धंदा लॉनचा. लग्नाला भाड्याने देतात ते लॉन नव्हे, पायाखालचं, खरंखुरं. 'आगाशे लॉन केअर' अशी पाटी लावल्यापासून त्यांना तुळशीचं लग्न लागलं रे लागलं की "मे महिन्यातली तारीख मिळेल का?" असे फोन यायचे, आणि ते तितक्याच तिरसटपणे "गवत मिळेल" असं सांगून फोन ठेवायचे. गवत लावायचं, कापायचं, त्यातलं तण काढायचं, ही कामं ते आधी बंगल्यांतून करत. मग बंगले पाडून इमारती झाल्या. धंदा बसतो की काय असं वाटत असतानाच खराडीत आयटी कंपन्या आल्या. या कंपन्यांना काचेच्या इमारतीसमोर हिरवंगार लॉन लागतं. त्यावर कुणी पाय ठेवायचा नसतो, ही गोष्ट वेगळी. पण आगाशांचं चांगलं चाललं.

इतकं चांगलं चाललं, की ते मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या डोळ्यांवर आलं. ही कंपनी खराडीतल्या त्याच इमारतींमध्ये लिफ्टपासून संडासापर्यंत सगळ्याची देखभाल करायची. फक्त गवत तेवढं राहिलं होतं, म्हणून तिला आगाशांचा सगळाच धंदा विकत हवा होता. बोलणी फोनवरच चालली होती. रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. हो म्हटलं, तर सोमवारी सकाळी उठून करायचं काय? आणि नाही म्हटलं, तर हीच कंपनी उद्या आपली कामं काढून घेईल, मग कुणाच्या नावाने रडायचं? आगाशांना रात्र रात्र झोप येईना.

प्रेमलाबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घोळत बसलेलं गणित त्यांना बघवत नसे.

"उत्तर येत नसलं की आधी ते धरून चालायचं," त्या म्हणाल्या. "समजा, धंदा विकला. समजा हं! आता रविवारपर्यंत घरी बसा. खराडीला जायचं नाही, माणसांना फोन करायचा नाही. बसवलं तर विका, नाही बसवलं तर नका विकू. आहे काय त्यात?"

आगाशांना हे पटलं. निदान काहीतरी ठरलं, याचंच त्यांना बरं वाटलं. त्यांनी लगेच आपल्या मुकादमाला, दत्तोबाला फोन लावला.

"दत्तोबा, मी लेकीकडे, निकिताकडे बंगलोरला चाललोय. रविवारी येईन. अगदी आग लागली तरच मला फोन कर."

"आग लागली तर फायर ब्रिगेडला करतो की सायेब. तुमी तिकडून काय फुंकर मारनार हाय?" दत्तोबा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पहिला दिवस आगाशांनी मोबाइल मांडीवर घेऊन काढला. दुसऱ्या दिवशी घरातल्या फोनवरून स्वतःच्या मोबाइलला रिंग देऊन बघितली, वाजतोय ना म्हणून. वाजला. त्याने तर ते फारच खचले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीतला कढीपत्ता असा छाटला की महिनाभर फोडणीला पान मिळायची सोय राहिली नाही. मग स्वयंपाकघरात शिरून सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दुपारच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हा प्रेमलाबाईंनी कप उचलून सिंकमध्ये उपडा केला.

"दत्तोबाचा फोन नाही," आगाशे म्हणाले. "याचे दोनच अर्थ निघतात. एक तर तिथे सगळं जळून गेलंय, नाहीतर सगळं नीट चाललंय."

"मग?"

"दोन्ही वाईटच की गं!"

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पायांत चपला सरकवल्या. "दही आणतो."

"दही कोपऱ्यावर मिळतं."

"ताजं आणतो. कात्रजला डेअरीतच जाऊन येतो." आणि त्यांनी स्कूटर काढली. वर गॅलरीत उभ्या असलेल्या प्रेमलाबाईंना ती कात्रजच्या बरोबर उलट दिशेला जाताना दिसली. त्या आत वळल्या. डबे पुन्हा जागेवर लावायला त्यांना तेवढाच वेळ मिळत होता.

आता बंगलोरला असलेला माणूस खराडीत दिसून चालणार नव्हता. दत्तोबाने बघितलं असतं तर निवृत्तीपर्यंत टोमणे ऐकावे लागले असते. म्हणून आगाशांनी पुण्यातल्या मुली बांधतात तसा प्रेमलाबाईंचा स्कार्फ तोंडाभोवती गुंडाळला, वर काळा गॉगल चढवला आणि एका आयटी कंपनीच्या कुंपणाला डोळा लावला.

लॉन हिरवंगार होतं. नुसतं हिरवं नाही, झकास होतं. जनरेटरजवळचा तो पिवळा पडलेला कोपरा, ज्याच्यावर आगाशांनी वर्षभर जीव ओवाळून टाकला होता, रोज वाकून वाकून ज्याला पाणी पाजलं होतं, तो मेला सगळ्यांत जास्त हिरवा झाला होता. कुंपणाच्या आतल्याच बाजूला गुलमोहराखाली दत्तोबा दुसऱ्या माळ्याशी गप्पा हाणत बसला होता.

"सायेब गेल्यापासनं गवत बी कसं निवांत हाय बघ," दत्तोबा म्हणाला. "दिसभर कुनी डोक्याशी उभं राहिलं, की मानसाला बी घास गोड लागत नाय. ते तर गवतच हाय."

आगाशांनी कुंपणाचे गज घट्ट धरले. खरंच सांगायचं तर लॉन जळून गेलेलं दिसलं असतं, तर ते आनंदाने शीळ घालत घरी गेले असते. ते तसेच गजांना धरून उभे होते, तेवढ्यात खांद्यावर काठी टेकली.

"ओ काका, तोंड बांधून काय टेहळणी चाललीय?" सिक्युरिटीवाला होता, नवीन. "चोर का इंटरव्ह्यू?"

त्या आवाजाने दत्तोबाने मान वळवली. आगाशे घाईघाईने म्हणाले, "इंटरव्ह्यू, इंटरव्ह्यू!"

"मग मागच्या गेटनं या की. गार्डन सुपरवायझरवाले सगळे तिकडं बसलेत."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. सिक्युरिटीवाल्याने त्यांना दंडाला धरूनच आत नेलं आणि एका गारेगार खोलीत ढकललं. समोर तिशीचा एक तरुण आणि त्याच्या शेजारी एक मुलगी बसली होती.

"बसा काका. मी केयूर, ही आमच्या एचआरची स्वराली."

मुंबईहून रोज फोन करणारा, 'सर, डिसिजन झाला का?' म्हणून त्यांचा जीव खाणारा केयूर तो हाच. नशीब एवढंच, की दोघांनी एकमेकांना कधी बघितलं नव्हतं. आगाशांनी स्कार्फ सोडला, पण आवाज जरा बारीक केला.

"नाव काय?"

"अनंत दातार." हे त्यांच्या मेव्हण्याचं, प्रेमलाबाईंच्या भावाचं नाव. ऐन वेळी तेवढंच आठवलं. मेव्हणा जन्मभर बँकेत होता. त्याला दूर्वा आणि गाजरगवत यांतला फरक कळत नव्हता.

"एक्सपीरियन्स?"

"वीस वर्षं. आगाशांकडे."

केयूर खुर्चीत पुढे सरकला. स्वरालीने मात्र आपले ठरलेले प्रश्न सोडले नाहीत. "काका, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"बाई गं, सोमवारी कुठे असेन तेच मला कळेना झालंय. पाच वर्षांचं काय सांगू तुला?"

"ओके. आणि तुमचा वीकनेस?"

"गुडघे."

तिने ते लिहून घेतलं.

"काका, मला एक फ्रँकली सांगा," केयूर म्हणाला. "आम्ही आगाशेंचा सगळा बिझनेस घेतोय. ते हो म्हणतीलच. पण ते गेल्यावर इथलं काम असंच राहील ना? दत्तोबा म्हणतात, काही फरक पडणार नाही. उलट बरं होईल म्हणतात."

"दत्तोबा असं म्हणाला?"

"ते म्हणतात, आगाशे फक्त कटकट करतात."

इथे "दत्तोबा म्हणतो ते बरोबर आहे" एवढं बोलून उठायचं होतं. धंदा हातोहात विकला गेला असता, गुडघ्यांना आराम मिळाला असता, झोप लागली असती. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण समोर काचेतून तो हिरवा कोपरा दिसत होता, आणि आगाशांच्या डोक्यात सणक गेली. ते ताडकन उभे राहिले.

"काही फरक पडणार नाही? अहो, आगाशे गेले की महिन्याभरात इथे वाळवंट होईल! उंट पाळा मग तुम्ही, उंट! तो माणूस आहे म्हणून हे गवत आहे. झोपेतसुद्धा पाण्याच्या पाळ्या बडबडतो तो. त्याच्या बायकोला विचारा."

"तुम्ही ओळखता त्यांच्या मिसेसना?"

"थोडंफार," आगाशे म्हणाले आणि खाली बसले.

घरी आल्यावर प्रेमलाबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "दही?"

"मिळालं नाही."

"कात्रजला दही मिळालं नाही?"

आगाशे खुर्चीत बसले. गॉगल काढला तेव्हा डोळे ओले होते. "खराडीला गेलो होतो गं. सगळं छान चाललंय तिथे. मी नसल्यामुळेच छान चाललंय. इतकी वर्षं मला वाटायचं, मी उभा असतो म्हणून ते गवत उभं आहे. माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही." इंटरव्ह्यूचं मात्र त्यांनी तोंडातून काढलं नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

"मग आता?"

"विकून टाकू. झालं ठरून."

प्रेमलाबाईंना हे ऐकून सुटल्यासारखंही वाटलं आणि धसकाही बसला. गुडघे वाचले, हे खरं. पण हा माणूस आता रोज, दिवसभर, घरात? त्या काही बोलणार तोच फोन वाजला. आगाशांनी उचलला.

"आगाशेसर, केयूर बोलतोय."

आगाशांनी आवाज एकदम जाड केला. "बोला." प्रेमलाबाई चमकून बघायला लागल्या.

"सर, सॉरी. आम्हाला हे डील थांबवावं लागतंय. आज ग्राउंडवरचा एक अनुभवी माणूस भेटला. तो म्हणाला, सगळं तुमच्यावर चालतं, तुम्ही गेलात की लॉन संपलं. मुंबई ऑफिस म्हणतं, मालकाबरोबरच जाणारा बिझनेस घेऊन काय करायचं? पण सर, तुम्ही स्वतः सांगत असाल, की तुमच्याशिवाय चालेल, तर मी अजून बोलून बघतो. चालेल का?"

आगाशांनी फोनवर हात ठेवला आणि बायकोला सांगितलं. प्रेमलाबाईंनी मान जोरजोरात हलवून 'चालेल म्हणा' अशी खूण केली. चालेल. एवढाच एक शब्द. चांगलं चालेल, चार दिवस चाललेलं आत्ताच डोळ्यांनी बघून आलो. आगाशांनी तोंड उघडलं. घसा खाकरला. घाम पुसला.

"नाही चालणार," ते म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला. बरं सर, तो माणूस आम्हाला दुसऱ्या साइटवर हवाय. अनंत दातार. तुमच्याकडे वीस वर्षं आहेत म्हणे. कसे आहेत?"

"अनंत दातार? माणूस चांगला आहे," आगाशे सावकाश म्हणाले. "जरा कटकट्या आहे. एकाच जागी फार पाणी घालतो. पण सोडू शकणार नाही मी त्याला."

"का सर?"

"माझं अडतं त्याच्यावाचून."

फोन ठेवला आणि ते बायकोकडे वळले. "अगं, मी नाही म्हणून बसलो! आता पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे? उद्या सकाळी कामावर जा," प्रेमलाबाई म्हणाल्या. "माझा कढीपत्ता गेला, चहा गेला, आता माझं डोकं जायच्या आत जा." आणि त्या उद्याच्या डब्यासाठी मटकी भिजत घालायला लगबगीने आत गेल्या. इतका मोकळा श्वास त्यांनी चार दिवसांत घेतला नव्हता. आगाशेही मागोमाग गेले आणि सकाळचे गार झालेले पोहे उभ्यानेच खायला लागले.

पातेल्यात पाणी ओतता ओतता प्रेमलाबाई मधेच थांबल्या.

"पण अहो, आमच्या अनंताला एवढी मागणी कधीपासून आली?"